पांढऱ्याखालचा हिरवा

गाडी बंद पडणे आणि गाडी बंद असणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. बंद पडलेल्या गाडीला ढकलता येते, शिव्या देता येतात, कुणाला तरी बोलावता येते. बंद असलेली गाडी हळूहळू आवाराचा भाग होऊन जाते. तिच्या टपावर कुरडया वाळतात, बॉनेटवर मांजर विते, आणि वाढलेली बोगनवेल काढायची तर आधी गाडी हलवावी लागेल, म्हणून बोगनवेलही राहून जाते. आमच्या समर्थनगरच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी अशी अकरा वर्षे उभी होती. २०१३ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपली, २०१४ मध्ये वडील गेले, आणि पुढे तिचे काय करायचे हा प्रश्न दर दिवाळीला निघून दर दिवाळीला मावळत राहिला.

आम्ही म्हणजे दोघे बहीण-भाऊ. दोघेही मराठी शिकवतो. थोरली इथेच, शहरात, आणि धाकटा पुण्यात. गाडी दोघांनाही चालवता येते, दुरुस्त कुणालाच करता येत नाही. २०२४ च्या दिवाळीत एक भंगारवाला फाटकाशी थांबला आणि त्याने वजनावर भाव सांगितला. किलोचा भाव ऐकल्यावर आईने आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी आम्ही रोशन गेटच्या बाजूला, वडील ज्यांच्याकडे जात त्या मिस्त्रींचा शोध घेत फिरत होतो.

चाचा सत्तरीच्या पुढे गेलेले. गॅरेज आता मुलगा पाहतो आणि त्यात नव्या गाड्यांना संगणकाची वायर जोडून दोष शोधतात. चाचांनी गाडीचा नंबर विचारला. जुना, तीन अक्षरी. तो ऐकताच म्हणाले, "साब की फियाट? है अब्बी?" पद्मिनीला फियाट म्हणणारी ही शेवटची पिढी. कंपनीने हीच गाडी आधी फियाट ११०० डिलाइट, मग १९७२ पासून प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी अशा नावांनी विकली. लोकांनी नावे ऐकून घेतली आणि फियाटच म्हणत राहिले. (तिच्या आधीच्या, गोलमटोल ११०० ला तर लोकांनी 'डुक्कर फियाट' करून टाकले होते, आणि त्यात अपमानापेक्षा लळाच अधिक होता.) ज्या शहराच्या रहिवाशांनी अलीकडेच आपल्या पत्त्यावरचे नाव बदलताना पाहिले, त्यांना कागदावरचे नाव आणि तोंडातले नाव यांच्या वेगवेगळ्या चालींबद्दल वेगळे सांगायला नको. आमच्या गाडीच्या नोंदणीपुस्तकावर औरंगाबाद आहे; नव्या कार्डावर छत्रपती संभाजीनगर. नंबर तोच.

इंजिन जाम झाले होते. अकरा वर्षांत सिलिंडरच्या भिंतींना बारीक गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी स्टार्टर फिरवणे म्हणजे रिंगा तोडणे. चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले, वर चिंधीचे बोळे बसवले आणि आठ दिवसांनी येतो म्हणून सांगितले. धाकट्याला रविवारी पुण्याला परतायचे होते. त्याने लवकर काही करता येईल का विचारले. चाचा म्हणाले, "जल्दी नक्को करो बेटा. ग्यारा साल सोया सो आदमी कू एकदम उठाते क्या?" आठ दिवसांनी त्यांनी क्रँकच्या पुलीला पाना लावून ती केसभर पुढे, केसभर मागे, अशी हलवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ती अर्धी फिरली. पूर्ण फेरा झाला तेव्हा आतून आलेला आवाज चिखलातून पाय निघावा तसा होता. मग टाकी उतरवली. तिच्या तळाशी पेट्रोलचा डिंक झाला होता. कार्बोरेटरच्या जेटांत तोच डिंक. आणि सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीचे घर.

या आठ दिवसांत थोरलीला कपाटात वही सापडली. वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. आम्ही लहान असताना त्यांची नोकरी पैठणला जायकवाडीवर होती. धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले तरी कालव्यांची कामे नंतर कितीतरी वर्षे चालू होती. खात्याची मोजमापवही लिहिणारा माणूस घरीही तशीच वही ठेवतो. १९८४ मध्ये एका डॉक्टरांकडून जुनी गाडी घेतली त्या दिवसापासून २०१३ पर्यंत प्रत्येक फेरी, प्रत्येक लिटर, प्रत्येक नटबोल्ट त्यात होता. डाव्या रकान्यात तारीख, मग ठिकाण, किलोमीटर, पेट्रोल, आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्यात एकही विशेषण नाही.

आम्हां दोघांचा वाद या वहीतूनच सुरू झाला. धाकट्याला गाडी मूळ स्वरूपात आणायची होती: कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७८ मध्ये जशी बाहेर पडली तशी. थोरलीला ती वडिलांची गाडी म्हणून हवी होती. वही वाचल्यावर कळले की या दोन गाड्या वेगळ्या आहेत. १९८७ मध्ये कार्बोरेटर बदललेला. १९९० मध्ये डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेला. १९९१ मध्ये रंग. १९९६ मध्ये इंजिनचे बोअर करून मोठे पिस्टन घातलेले. पुढच्या सलग बाकाचे कव्हर तीनदा बदललेले. १९७८ ची गाडी १९८४ मध्ये आमच्या घरी आली तेव्हाच सहा वर्षांनी दुरुस्त झालेली होती, आणि त्या सहा वर्षांची वही डॉक्टरांनी ठेवलेली नव्हती.

साहित्याच्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. आम्हांलाही तो वाटला; किंबहुना दोघेही आपापली बाजू नकळत वर्गातल्या उदाहरणांनीच मांडू लागलो. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तोवरच्या प्रतींत पाठ बिघडले होते, भर पडली होती. पुढची तीन शतके मराठी वाचकांची ज्ञानेश्वरी म्हणजे बहुतांशी नाथांनी दुरुस्त केलेली ज्ञानेश्वरी. मग १९०९ मध्ये राजवाडे नाथांच्याही मागे जाणारी प्रत म्हणून आपली ज्ञानेश्वरी छापतात. धाकटा राजवाड्यांच्या बाजूचा: दुरुस्ती करणाऱ्याने कितीही भक्तीने केली तरी तो मध्ये उभा राहतो, त्याच्या पलीकडे गेले पाहिजे. थोरली नाथांच्या बाजूची: वाचली गेली ती प्रत खरी. आणि भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना (काम १९१९ मध्ये सुरू, १९६६ मध्ये पूर्ण) जे केले, म्हणजे मूळ पाठ वर आणि भर पडलेले सारे खाली तळटिपांत व परिशिष्टांत, ते गाडीच्या बाबतीत करता येत नाही, हेही दोघांना मान्य होते. गाडीला तळटीप नसते. एका जागी एकच कार्बोरेटर बसतो.

थीसियसच्या जहाजाचा दाखला अशा वेळी हमखास पुढे येतो. आम्हांला तो फारसा उपयोगी वाटला नाही. ते जहाज बंदरात, पाहण्यासाठी ठेवलेले होते. आमच्या गाडीला जालना रोडवर, रिक्षांच्या आणि मोटारसायकलींच्या मधून जायचे होते आणि सिग्नलला थांबायचे होते. चाचांची चिकित्सा याच जागेवरून सुरू होत असे. त्यांना 'मूळ' या शब्दात रस नव्हता. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ते एवढेच पाहत, की ही दगा दिली तर काय होईल. काच खाली करायचे हँडल तुटले तर काच वर राहील; राहू दे. ब्रेकचा व्हील सिलिंडर गळला तर माणूस मरेल, तो नवा. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. अकरा वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतले पाणी ओढून घेतले होते, सिलिंडरच्या आत खड्डे पडले होते, रबरी वॉशर दगड झाले होते. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, लवचीक पाइप, लायनर हे सारे नवे घातले. पुढच्या चाकांचे किंगपिन ढिले होते, तेही नवे. टायर दिसायला धडधाकट, नक्षी शाबूत. पण बाजूच्या रबराला बारीक चिरा. थोरलीला ते वाया जाणार म्हणून वाईट वाटले. चाचांनी चिरेत नख घालून दाखवले आणि विषय संपवला.

सुटे भाग मिळण्याची गोष्टही सांगायला हवी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. आता तिथे इमारती आहेत. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबले. मात्र मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने या गाडीचे आयुष्य लांबवले आणि टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग घडत राहिले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मर्यादा भरली आणि त्या टॅक्सी संपल्या. धाकटा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेला तो याच्या वर्षभरानंतर. आमच्या गाडीचा डावा मागचा दरवाजा खालून सडून गेला होता, पत्रा बोटाने तुटत होता. त्याने दरवाजा आणला तो एका टॅक्सीचा. काळा. कारखान्यातून निघाल्यावर सेहेचाळीस वर्षांनी गाडीसाठी कुर्ल्याहूनच दरवाजा आला, याचे त्याला, म्हणजे मूळवाद्याला, विशेष समाधान होते. तो दरवाजा किती हजार लोकांनी उघडला-मिटला असेल याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

इंजिनपेक्षा पेट्रोलने अधिक त्रास दिला. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडवलेली. २००० मध्ये देशभर ते बंद झाले. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पेट्रोलपंपाचा पडदा आणि जुने नळे फुगतात, मऊ होतात, चिरतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकू लागते. चाचांच्या मुलाने इथेनॉल सोसणारे नळे मिळवले; या कामात त्याचा संगणक नव्हे, पण त्याचे फोनमधले संपर्क उपयोगी पडले. गाडी तीच राहिली तरी तिच्या पोटात जाणारे बदलले की तिची आतडी बदलावी लागतात. जुना ग्रंथ नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवताना प्रस्तावना का लिहाव्या लागतात, ते आम्हांला याहून बरे कुणी समजावले नव्हते.

मग रंगाची वेळ आली. आम्हांला आठवते तेव्हापासून गाडी पांढरी. डेंटिंगवाल्याने सडलेला भाग खरवडला तेव्हा पांढऱ्याखाली राखाडी लपी आणि तिच्याखाली हिरवा निघाला. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा. दाराच्या चौकटीत, जिथे पहाटेच्या फवाऱ्याइतकाही दुसरा रंग पोचला नव्हता, तिथे तो अजून चकाकत होता. धाकटा हरखून गेला. हाच मूळ पाठ! त्याने त्याचा फोटो काढला, खरवडलेला एक कपटा पाकिटात ठेवला. थोरलीने विरोध केला, पण तिच्याकडे आठवणीखेरीज प्रमाण नव्हते, आणि प्रमाणाशिवाय पाठ सिद्ध होत नाही हे तीच मुलांना शिकवते.

नोंदणीपुस्तक उघडले तर त्यात १९९१ च्या शिक्क्याखाली रंग 'पांढरा' असा दुरुस्त केलेला. म्हणजे परिवहन खात्याच्या लेखी पांढरा हाच प्रमाण पाठ, आणि आम्ही गाडी पुन्हा हिरवी केली तर तो बदल ठरणार, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागणार. कारखान्याचा रंग देणे म्हणजे कायद्याने फेरफार! आम्ही यावर संध्याकाळभर बोलत होतो. आई शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हिरव्या रंगाची उन्हाळ्यात भट्टी व्हायची. मागे तुम्हां दोघांना घेऊन बसायची मी. मीच म्हटलं, पांढरा करा, नाहीतर मी बसने जाते." वहीत त्या दिवशी शेरा आहे: 'रंग पांढरा. पत्रा ठीक.'

तिने वही मागून घेतली. चष्मा लावून ती बराच वेळ पाने उलटत राहिली. पैठण, जाऊन-येऊन १०४. पैठण, जाऊन-येऊन १०३. पैठण. वेरूळ. जालना. "यातल्या प्रत्येक फेरीला मी होते," ती म्हणाली, "पण मी यात कुठेच नाही." हे तक्रारीच्या सुरात नव्हते, एखादा आकडा जुळत नाही हे दाखवून द्यावे तसे होते. मग १९८९ च्या पावसाळ्यातल्या एका ओळीवर तिचे बोट थांबले. 'घाटी. ७ कि.मी. पुढचा डावा टायर हवा कमी.' आमच्या आजीला, आईच्या आईला, रात्री घाटी रुग्णालयात नेले ती रात्र. आजी परत आली नाही. आम्ही तेव्हा झोपेत होतो. आम्हांला ती रात्र ठाऊक आहे ती सकाळ म्हणून. आईने सांगितले की गाडी पाण्यातून चालली होती, वडील एक अक्षर बोलत नव्हते, आणि परतताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून टायरमध्ये हवा भरली. हातपंपाने. "एवढ्या पावसात कशाला, म्हटलं. तर म्हणाले, हवा कमी आहे." वही ज्या तटस्थपणाबद्दल आम्ही वाखाणत होतो, त्याची किंमत कुणी दिली होती ते त्या रात्री आम्हांला कळले. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना संयत गद्य म्हणून ती पाने दाखवण्याचा बेत केला होता. तो सोडून दिला. गाडी पांढरी रंगवली. टॅक्सीचा काळा दरवाजाही त्याच पांढऱ्याखाली गेला.

आरटीओच्या तपासणीचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या जूनमध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी नेली. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक पाहिले, दिवे, हॉर्न, वायपर पाहिले, आणि चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. एका अर्थी आमच्या साऱ्या वादाचे खात्याने दिलेले उत्तर तेच: चाके, इंजिनाचे पोट, दरवाजा, रंग काहीही बदला, हा नंबर जिथे आहे तिथे गाडी आहे. शुल्क पाच हजार रुपये, जे २०२२ पर्यंत सहाशे होते. शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा हेतू उघड आहे आणि धुराच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणवत नाही. आमच्या गाडीच्या नळीतून येणारा वास घेतल्यावर तर नाहीच.

रांगेत एका गृहस्थांनी आम्हांला सल्ला दिला की आणखी तीन वर्षे थांबायचे होते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, जुना नंबरही ठेवता येतो. आम्ही ते नियम वाचले होते. त्या गाडीच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. १९९६ चे मोठे पिस्टन त्यात कुठे बसतात हा एक प्रश्न. पण खरी अडचण दुसरी. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नेता येते. रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत ती भंगाराच्या वाटेवर, पन्नासाव्या वर्षी एकदम वारसा, आणि दोन्ही वेळा तिने रस्त्यावर नसलेलेच बरे! अभिजात ठरलेल्या पुस्तकांचे असेच होते. परीक्षेला लागतात, उशाशी कुणी घेत नाही. आईला मंडईत जायचे होते. आम्ही साधी नोंदणी करून घेतली.

जुलैत पैठणला गेलो. पुढच्या बाकावर आई मध्ये, कारण या गाडीचा गिअर स्टीयरिंगवर आहे आणि पुढे तिघे बसू शकतात. बिडकीनच्या अलीकडे पाण्याचा काटा चढू लागला. थांबलो, रेडिएटर निवू दिला, कळशीभर पाणी घातले. रस्ता आता इतका रुंद झाला आहे की ताशी पन्नासने जाणारी गाडी म्हणजे रहदारीला अडथळा. ट्रकवाले हॉर्न देत गेले, काहींनी खिडकीतून हात केला. घाटावर पाणी चांगले होते. नाथांच्या वाड्यात आई तासभर बसली आणि आम्ही बाहेर, गाडीखाली पडलेला ऑइलचा डाग मोठा होतो का ते पाहत उभे होतो.

वही आता आईकडे असते. रकाने तिने तसेच ठेवले आहेत. 'शेरा' या रकान्यात मात्र कोण कोण होते ती नावे लिहिते आणि टायरचे काही लिहीत नाही, त्यामुळे हवा कधी भरली ते आम्हांला आठवून सांगावे लागते. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकला आहे. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. धाकट्याच्या पाकिटात हिरवा कपटा अजून आहे. आणि चाचांनी बजावले आहे की उन्हाळा लागण्याच्या आधी कार्बोरेटर एकदा पुन्हा उघडायला आणा.